अकोल्याचे चार दिवस

माझ्या पोरीला दहा दिवस हवे होते. मी तिला चार दिले, आणि तेही धड दिले नाहीत.

आम्ही चांदूर बाजारला. ती अमरावतीला राजापेठेत खोली करून राहायची, मेडिकलच्या क्लाससाठी. प्रवेश परीक्षेचं दुसरं वर्ष होतं. एक दिवस तिच्या मैत्रिणीचा फोन आला, "काकू, थे जेवून नाई राहिली. म्हणते, मले जगायचंच नाई." मी होती तशी अमरावतीला पळाली. डॉक्टर म्हणाले, औषध सुरू करतो, पण सध्या हिला क्लास नको आणि घरही नको. अकोल्याला एक जागा आहे, अशा पोरापोरींना दहा दिवस ठेवून घेतात. जेवायचं, झोपायचं, वाटलं तर बोलायचं. डॉक्टर येऊन बघून जातात.

ते घर साधंच होतं. तिथं सांभाळणाऱ्या ताईनं पोरीला विचारलं, "तू इथं आहेस हे कोणाला कळलेलं चालेल?"

"फक्त आईले," पोरगी म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "आई, कोणाले सांगू नको. मोठ्या आईले तं नाईच नाई."

मोठी आई म्हणजे अकोटची माझी जाऊ. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. पोरगी दोन पोळ्या जेवली, दुपारभर गाढ झोपली. मी ओट्याशी उभी राहून रडली, आणि त्याच आनंदात, अक्कल गहाण टाकून, जावेला फोन लावला. काहून लावला? कारण आमच्यात घरातलं दुखणं लपवणं म्हणजे गुन्हा. मागून कळलं की विचारतात, आमी काय मेलो होतो? मग वर्षानुवर्षं अबोला. पत्त्यासकट सगळं सांगितलं आणि बजावलं, "मनातच ठेवा बरं." जावेनं ठेवलं. तासभर ठेवलं असेल.

चौथ्या दिवशी सकाळी अकोटहून गाडी भरून नऊ माणसं त्या घराच्या फाटकाशी उतरली. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून केळी, सफरचंदं, बिस्किटाचे पुडे. ताईनं अडवलं तर माझे मोठे दीर कडाडले, "आमची पोरगी हाय! आमालेच काहून नाई भेटू देत? जेल हाय का हा?" गल्ली गोळा झाली. हे सगळं मला ताईनं मागून सांगितलं. पोरगी आपणहून बाहेर आली, नऊही जणांच्या पाया पडली, मी बरी आहे म्हणाली आणि बॅग घेऊन त्यांच्याच गाडीत बसली.

मी एसटीनं अकोटला पोचली तोवर दुपार झाली होती. पोरगी सोफ्यावर मधोमध, भोवती शेजारणी. एक म्हणे नजर लागली, दुसरी म्हणे लग्न करून टाका. मला वाटलं, आता ही माझ्या अंगावर धावून येईल. आली असती तर किती बरं झालं असतं!

"चहा घेतला का?" तिनं विचारलं. पाहुणीला विचारतात तसं.

जाऊ आजही म्हणते, आम्ही जीव लावतो म्हणून गेलो होतो. खरंच म्हणते ती, अन् माझं डोकं तिथंच फिरतं. शिव्या तरी कोणाला द्यायच्या? तोंड माझं सुटलं होतं.

पोरगी परत अमरावतीच्या खोलीवर गेली. काही महिन्यांनी तिचा फोन लागेना. खोलीला कुलूप. मैत्रीण काही सांगेना. मी अकोल्याच्या ताईला फोन केला, "तिथं आहे का हो ती? मी आई बोलून राहिली."

ताई म्हणाली, "काकू, ती सुखरूप आहे. तुम्हाला एवढंच सांगायची परवानगी तिनं दिली आहे."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? संध्याकाळी जावेचा फोन आला, "पोरगी कुठं हाय?"

"मले माईत नाई," मी म्हटलं.