किडनीला जपणारी आत्या

माझ्या आतेभावाचा, विलासदादाचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत शाळेत शिकवायला निघाले होते. "आई गेली," एवढंच तो म्हणाला. रडू यायला हवं होतं. आला तो राग. महिना उलटून गेला तरी तो पुरता उतरलेला नाही. त्यामुळे गोदाआत्याची नुसती स्तुती मला जमणार नाही.

आत्या बाळापूरची. शेतात झेंडू अन् शेवंती, पहाटे तोडणी, मग टोपली घेऊन अकोल्याचा फूलबाजार. सारा जन्म उकिडवं बसण्यात गेला, गुडघे कुरकुरणारच. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या मी घेऊन गेले, तर तिनं त्या माझ्याच हातात परत ठेवल्या. "या इंग्रजी गोळ्यायनं किडनी खराब होते म्हनतात. किडनी गेली त राह्यलं काय?" त्यात अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मी गोळ्या परत घेऊन आले. आणि या शहाण्या बाईनं त्याच आठवड्यात बाजारात तंबू ठोकून बसलेल्या एका औषधवाल्याकडून राखाडी पूड आणली! रोज सकाळी मधातून चिमूटभर. गुडघे खरंच हलके झाले. मग काय, शेजारीण, भाजीवाली, एसटीत भेटलेली अनोळखी बाई... आत्या सगळ्यांना पुड्या वाटत सुटली. यात आहे काय, असं विचारलं की एकच उत्तर, "जडीबुटी हाये. जडीबुटीनं काई होत नाही."

काही वर्षांनी पोटात कळा येऊ लागल्या, शौचाला होईना, चेहरा पांढराफटक, वर रक्तदाब. कुणी गॅस म्हणालं, कुणी वय. अकोल्यात तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही किडन्या बऱ्याचशा निकामी झालेल्या. मधुमेह नाही, खडे नाहीत, मग झालं कशानं? तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, घरी कोणतं औषध घेता?" "कोनतंच नाही," आत्यानं ठणकावलं. पूड तिच्या लेखी औषध नव्हतीच! शेवटी मीच सांगितलं. रक्त तपासलं, पूड तपासली... दोन्हींत शिसं निघालं.

"शिसं?" आत्या भडकली. "म्या काय शिसपेन्सिली खाल्ल्या काय वो बाई?"

बाईंनी शांतपणे समजावलं. पोटात गेलेलं शिसं रक्तात उतरतं, हाडांत वर्षानुवर्षं ठाण मांडतं आणि थोडं थोडं बाहेर पडताना किडनीतल्या बारीक नळ्या खराब करत जातं. दुखत काहीच नाही, म्हणून कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पूड थांबवली तर उरलंसुरलं टिकेल. गेलेलं परत येत नाही. आत्यानं मान डोलावली.

डायलिसिस सुरू झालं. आणि एका रविवारी तांदळाच्या डब्यात मला पुडीची पिशवी सापडली! मी ओरडले, अक्षरशः किंचाळले. ती खाटेवर बसून होती. "तिकून डायलिसिस करून आलं का पाय उचलत नाही माये. थोडीशीच घेतो. फुलं कोन तोडन?"

"ज्यांना वाटलीस त्यांच्याही किडन्या घालवणार आहेस का?" मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती विलासदादाच्या गाडीवर बसून घरोघर गेली. "म्या देल्ली, मीच वापस घीन." कुणी पुडी दिली, कुणी संपली म्हणून खोटं सांगितलं, एकीनं तर हिलाच वेड्यात काढलं. स्वतःसाठी जे तिला कधी पटलं नाही, ते लोकांसाठी एका वाक्यात पटलं. अशा बाईचं करायचं काय? तंबूवाला तर तोवर कधीच गाव सोडून गेला होता. गोळा केलेल्या पुड्या आम्ही डॉक्टरीणबाईंच्या हवाली केल्या. आत्या त्यानंतर जेमतेम ती थंडी काढू शकली.

परवा बाळापूरला जेवायला थांबले. वांग्याची भाजी अळणी होती. विलासदादानं मुकाट्यानं वरून मीठ घेतलं आणि मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली. आत्याला मीठ बंद झालं, तेव्हापासून त्या घरात सगळ्यांचाच स्वयंपाक तसा व्हायचा.

"वहिनी, आता घाला की मीठ," मी म्हटलं.

"घालाचं म्हनतो वो ताई," ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "पन हातच जात नाही."