मावशीच्या अंगात कोण येतं

बटण मीच दाबलं.

माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक सर म्हणाले, "लाव गं ती क्लिप," आणि मी लावली. बीडमधल्या एका कॉलेजचं सभागृह. धर्माच्या मानसशास्त्रावर सेमिनार. समोर प्राध्यापकच प्राध्यापक. स्पीकरमधून एका बाईचं घुमणं सुरू झालं. हुंकार, दातावर दात, मग एक लांब किंकाळी. तिथं सरांनी हात वर केला. मी थांबवलं.

ती बाई माझी मावशी.

"ही धर्मांतरित कुटुंबातली," सर म्हणाले. "शिरूर कासारकडची. ऊसतोड करते. धर्म बदलला, घरातले देव सोडले, पण अंगातली देवी काही जायला तयार नाही!"

सभागृह हसलं. एकदा हसू मिळालं की सर थांबत नाहीत. माझ्याकडं बोट करून म्हणाले, "आणि आमच्या या विद्यार्थिनीला लांब जावं लागलं नाही. सॅम्पल घरातच मिळालं."

लोक पुन्हा हसले. पहिल्या रांगेतल्या एक मॅडम तर डोळे पुसत होत्या. मीही ओठ ताणले. हे लिहायलाच पाहिजे. मीही हसल्यासारखं केलं.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची. मावशीनं वाढवलं. माझी शाळा बुडू नये म्हणून तिनं मला बीडच्या वसतिगृहात ठेवलं, आणि स्वतःची दोन वर्षांची चिमी मात्र बरोबर उसाच्या फडात नेली. थंडीत चिमी तापली. टोळीचा मुकादम म्हणाला, आधी उसाची गाडी भरा, मग दवाखाना. काकांनी, मावशीच्या नवऱ्यानं, गाडी भरली. सकाळी चिमी गेली होती. मी तेव्हा वसतिगृहात गरम पांघरुणात होते.

त्यानंतर दरसाल तोडीवरून परत आलं, की एक दिवस मावशीचं अंग कापायचं. काका दार लावून घ्यायचे. आमच्या घरात बुद्धाचा फोटो. वस्तीत कळायला नको.

मी मानसशास्त्र शिकले. पीएच.डी.ला हाच विषय घेतला, अंगात येणाऱ्या बायांचा. मावशीच्या मागं लागले. ती कशीबशी तयार झाली.

"कुणाला ऐकवू नको, माय. लोक म्हणतील, हिनं बुद्धाला सोडलं."

मी तिला संमतीपत्र वाचून दाखवलं. नाव, गाव कुठंही येणार नाही. तिनं अंगठा दिला. मी फोन चालू केला.

सरांनी जिथं हात वर केला, त्याच्या पुढं मावशी बोलते. काकांना विचारते, "लेकरू तापलं व्हतं. तू गाडी कामून भरत बसलास रं?" मावशीनं जन्मात काकांना अरे-तुरे केलं नाही. देवी करायची. काका मान खाली घालून ऐकायचे. वर्षातून एकदाच. जे बाईला विचारता येत नव्हतं, ते देवी होऊन विचारता येत होतं. हेच माझ्या प्रकरणात मी लिहिलं होतं. सरांनी लाल पेनानं काट मारली. "भावनिक आहे. काढ."

सेमिनारचं कुणीतरी शूटिंग केलं. आठवड्यात ते वस्तीतल्या फोनांवर आलं.

मी धावत गावी गेले. मावशी दारात डाळ निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"माझं रडणं लोकांला वाटून टाकलंस व्हय गं?"

"मावशी, सरांनी सांगितलं म्हणून..."

"फोनात तू दिसतीस. हसतीस."

मी पायाशी बसले. तिनं पाय आत घेतले. म्हणाली, "जा. गाडी चुकंल."

त्या साली तिच्या अंगात आलं नाही. नंतरही कधी नाही. पुस्तकात याला बरं होणं म्हणत असतील. तिच्याकडं विचारायला एकच आवाज होता. तो मी नेला.

परत आले तर सरांच्या टेबलावर लेख तयार. 'धर्मांतरितांमधील अंधश्रद्धेचे अवशेष.' आधी त्यांचं नाव, खाली माझं. सरांच्या कपाळावर सकाळच्या पूजेचा टिळा.

"सही कर."

"नाही करणार, सर. रेकॉर्डिंग मी काढून टाकलंय. तुम्हीही काढा. संमती मोडली आपण. तुम्ही आणि मी."

सरांनी पेनचं टोपण लावलं. "तुमच्या लोकांना इथवर आणलं, हेच चुकलं."

"मला तुम्ही नाही आणलं. माझ्या मावशीनं आणलं."

"पीएच.डी. कशी होते तेच बघतो."

"बघा," मी म्हणाले आणि लेख तसाच टेबलावर ठेवून बाहेर आले.

मग विद्यापीठाकडं तक्रार लिहिली. पहिली चूक माझीच लिहिली, दुसरी सरांची. सरांना काही झालं नाही. माझी नोंदणी गेली, चार वर्षं गेली. विहारात वस्तीसमोर उभी राहून माफी मागितली. सांगितलं, तिनं बुद्धाला सोडलं नव्हतं. तिला तिची लेक हवी होती. काही बाया रडल्या. काही पुरुष उठून गेले. मावशी आलीच नव्हती.

आता वडवणीला कॉलेजात तासिकेवर शिकवते. दुसऱ्या विद्यापीठात नव्यानं नाव घातलंय. विषय तोच. तो मी सोडणार नाही. मावशी माझ्याशी बोलत नाही. बोलेल, असंही मला वाटत नाही.

गेल्या महिन्यात काकांना गाठलं. भर दुपारी, चार लोकांत, पारावर. विचारलं, "काका, चिमीला दवाखान्यात का नेलं नाही?"

काका रडायला लागले. मी थांबले नाही. पुन्हा विचारलं.

"मुकादम न्हाई म्हणला, बाई," काका म्हणाले.

"आणि तुम्ही?"

काका उठून घराकडं चालायला लागले.

मुकादम अजून जिवंत आहे. दरसाल टोळ्या नेतो. त्याचं गाव मला माहीत आहे. येत्या रविवारी मी जाणार आहे. अंगात काही न येता, माझ्या नावानं, माझ्या आवाजात विचारणार आहे.