बाबांची डावी बाजू

मालवणच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ होता, आणि निगेटिव्ह उलटी लागलेली मला लांबूनच कळायची. साडीचा पदर भलत्याच खांद्यावर दिसला की माझं डोकं फिरायचं. गिऱ्हाइकाच्या हातात पडण्याआधी तो फोटो मी सुलटा करायचेच. या नजरेचा मला फार तोरा होता. खोटं कशाला बोलू, अजूनही आहे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला बाबांच्या डाव्या मूत्रपिंडात गाठ निघाली. बाबा जन्मभर होडी घेऊन मासेमारी करणारे. दुखतंय हे सांगायलाच त्यांनी सहा महिने लावले. गोव्याला स्कॅन झालं. मुंबईच्या सर्जननी फोनवर सांगितलं, आधी स्कॅनचे फोटो ई-मेलने पाठवा, गाठ काढण्याजोगी असेल तरच त्यांना घेऊन या. बाबांचं पुढचं सगळं त्या फोटोंवर होतं.

सीडी घातली तर एकही फाइल उघडेना. हॉस्पिटलच्या मशीनची फाइल, तिला वेगळंच सॉफ्टवेअर लागतं. दोन दिवस नेटवर शोधून शोधून ते उतरवलं. फायली उघडल्या, पण इतक्या जड, की फोनलाइनवरच्या आमच्या इंटरनेटने त्या साठ फायली पोचेपर्यंत गणपती आले असते. मग एकेक उघडायची, गाठ नीट दिसेल असा उजेड-काळोख जुळवायचा आणि जेपीजी करून ठेवायची. आकार कमी करायला फाइल जास्त दाबली तर गाठीची कड फुटायची, कमी दाबली तर मेल जाईना. त्या कडेपायी मी कॉम्प्युटरशी मोठमोठ्याने भांडले. पण जमवलं! जिल्ह्यात तेव्हा दुसऱ्या कुणाला जमलं असतं असं मला वाटत नाही.

साठ फोटो तयार झाले आणि माझं लक्ष गेलं. गाठ उजवीकडे दिसत होती. कपाळ माझं! मूळ फायलीत कडेला बाजू दाखवणारी खुणेची अक्षरं होती, ती जेपीजीत उतरलीच नव्हती. म्हणजे बदलताना सगळे फोटो उलटे झाले, अशी माझी खात्रीच पटली.

बाबा शेजारच्या स्टुलावर बसले होते. "बाबा, थांबा जरा. सगळे उलटे झाले, सुलटे करतंय," मी म्हटलं.

"उलटे कशे गो?"

"गाठ डावीकडे मां तुमची? हय बघा, उजवीकडे दिसता."

त्यांनी स्क्रीनकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, "आपल्या होडयेची उलांडी खंय आसा?"

"डावीकडे," मी वैतागून म्हटलं. तोल सांभाळायला होडीच्या बाजूला बांधलेलं लाकूड म्हणजे उलांडी, आणि ती डावीकडे असते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"आणि होडी समोरसून किनाऱ्याक येता, तेव्हा तुका खंय दिसता?"

मी डोळ्यांसमोर होडी आणली. समोरून बघणाऱ्याला ती उजवीकडेच दिसते.

"मगे? डाक्टर माका समोरसूनच बघतलो मां?"

मी मूळ फाइल परत उघडली. फोटोच्या उजव्या कडेला डाव्या बाजूची खूण स्पष्ट होती. मी माउसवरचा हात काढून घेतला; उलटवले असते तर सर्जनना गाठ उजव्या मूत्रपिंडात दिसली असती. फोटो होते तसेच पाठवले. तिसऱ्या दिवशी सर्जनचा फोन आला, फोटो छान आलेत, घेऊन या त्यांना.

ऑपरेशन होऊन बाबा परत आले ते मिरवतच. मासळी बाजारात शर्ट वर करून डाव्या कुशीवरचे टाके दाखवायचे आणि लेकीचं कौतुक सांगायचे, "ह्या सगळा माझ्या चेडवान केल्यान. मुंबयचो डाक्टरसुद्धा फोटो बघून खूश!" एकदा मी उलांडीचं सांगायला तोंड उघडलं, तर माझ्यावरच खेकसले, "तू गप रव गो!"

अशा बापाची मी मुलगी, याचा मला त्या नजरेहून जास्त तोरा आहे. साठही फोटो उलटे करायला माझा हात माउसवर गेला होता, हे त्यांनी शेवटपर्यंत आईलासुद्धा कळू दिलं नाही.