कामिनीचं गोड इंग्रजी

मुक्ताईनगर तालुक्यातल्या एका गावातल्या शेतकऱ्यांनी गट करून आखाती देशात केळी पाठवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना इंग्रजीत बोलणारं माणूस हवं होतं. गावात तसं एकच माणूस होतं, कुंदनची बायको कामिनी. लग्नाआधी ती पुण्यात एका कंपनीत ग्राहकांचे फोन घ्यायची. समोरचा कितीही तापला तरी आवाज चढवायचा नाही, ‘नाही’ हा शब्द तोंडावर मारायचा नाही, तक्रार आली की आधी दिलगिरी व्यक्त करायची, हे तिथं तिच्या अंगी भिनवलं होतं. गटाचे अध्यक्ष जीवराम आबा स्वतः घरी येऊन तिला पॅकहाऊसवर, म्हणजे केळी धुऊन खोक्यांत भरायच्या शेडवर, घेऊन गेले.

पण तिचं काम सुरू झालं आणि लोकांच्या मनात किंतु यायला लागले.

पहिला आला तो कुंदनच्याच मनात. तिच्या मोबाइलवर त्याला एक मेल दिसला. सुरुवातीलाच ‘डिअर मिस्टर हुसाम’. हुसाम हा मस्कतच्या कंपनीचा खरेदी अधिकारी, मूळचा इजिप्तचा. हा ‘डिअर’ कोण, असं कुंदननं त्या दिवशी जेवताना विचारलं. तिनं समजावलं की हे नुसतं लिहायची रीत म्हणून असतं, बँकेच्या पत्रातही असतं. त्यानं मान हलवली, पण नंतर बरेच दिवस तिचा फोन वाजला की तो काहीतरी निमित्त काढून जवळ यायचा.

गटातल्यांचं वेगळंच होतं. कामिनी फोनवर बोलताना हसते काहून? बोलायला शेडच्या बाहेर काहून जाते? मेल एकाला लिहिते, मग त्यात आणखी चार नावं कोणाची? बन्सीलाल नाना सगळ्यात जास्त खोदून विचारायचे. एकदा तिच्या बोलण्यात त्यांना ‘सॉरी’ ऐकू आलं. तेवढा शब्द त्यांना कळत होता. त्यांनी आबांना बाजूला घेऊन सांगितलं की ही पोरगी आपली चूक नसताना कबुली देऊन बसते, हिचं तिकडं काहीतरी साटंलोटं असणार.

अशात हुसामची मोठी तक्रार आली. कंटेनर उघडल्यावर निम्म्या खोक्यांतल्या केळ्यांवर चिकाचे काळे डाग निघाले होते. भाव कमी करायचा, नाहीतर पुढचा माल बंद, असं त्याचं म्हणणं होतं.

आबांनी सगळ्यांना पॅकहाऊसवर बोलावलं. केळी धुऊन भरणाऱ्या बायकाही होत्या, त्यांच्या मुकादम बेबाबाई अक्का पुढंच बसल्या होत्या. आबांनी कामिनीला सांगितलं, आता आमच्या समोर फोन लाव, सगळ्यांना ऐकू येईल असा, स्पीकर चालू ठेवून.

हुसाम बराच वेळ बोलला. कामिनीनं सांगितलं, “माल खराब निघाला म्हणून ते नाराज आहेत. मार्ग काढू म्हणतात.”

बन्सीलाल नाना खुर्चीतून पुढं सरकले. “तो एवढं बोलला अन् तू दोनच वाक्यं सांगतली. बाकीचं कुठी गेलं?”

ती म्हणाली, बाकीचं तब्येत कशी, हवा कशी, असंच होतं. कोणाला पटलं नाही. आबा म्हणाले, त्याला सांग, तू खोटारडा आहेस, आमचा माल चोख होता. कामिनी फोनकडं वळून बोलली. तिचा आवाज मऊ होता, शेवटी ती किंचित हसलीसुद्धा.

आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण आपली शिवी कशी ऐकू यायला हवी हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

“मी त्याले खोटारडा म्हटलं. तू काय म्हटलं?”

कामिनीनं फोन खाली घेतला. मग खाली बघत म्हणाली, “काहीतरी गैरसमज झाला असावा, असं म्हटलं, आबा.”

शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. तिकडून हुसाम विचारत होता, काय चाललंय, ते काय म्हणतायत? तिनं त्याला जरा थांबायला सांगितलं. आबांनी पुढचा प्रश्न अगदी सावकाश विचारला, “आमचं बोलणं तू बदलते. मग त्याचं बोलणंही आमाले बदलूनच सांगत असशील?”

हा प्रश्न कामिनीनं स्वतःला कधीच विचारला नव्हता. आता तिला आठवत गेलं. याआधीही हुसामनं दोनदा लिहिलं होतं, तेही कडक शब्दांत. फण्या कापल्यावर चीक निथळायच्या आत तुम्ही खोकी भरता, हा निष्काळजीपणा आहे, असाच माल आला तर घेणार नाही. तिनं पॅकहाऊसवर येऊन सांगितलं होतं, ‘जरा चिकाकडं लक्ष द्या म्हणतात.’ बायका दिवसभर उभ्या राहून काम करतात, त्यांना कशाला दुखवायचं, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

तिनं ते सगळं तसंच्या तसं सांगून टाकलं.

बेबाबाई अक्का उठून उभ्या राहिल्या. “म्हणजे त्यानं आधीच बजावलं होतं? आमाले नीट कळलं असतं तर फण्या आणखी वेळ पाण्याच्या टाक्यात ठेवल्या नसत्या का आम्ही?”

कामिनीनं फोन तोंडाजवळ घेतला आणि पुण्यात शिकलेली वाक्यं बाजूला ठेवून साध्या इंग्रजीत बोलली. तुमची सूचना मला मिळाली होती, मी ती इथं नीट पोचवली नाही, या बायकांचा दोष नाही. मग हुसाम बोलला, आणि ते तिनं शब्द न गाळता मराठीत सांगितलं, “तो म्हणतो, मी दर वेळी ‘नक्की काळजी घेऊ’ असं लिहायची आणि काहीच बदलायचं नाही. म्हणून त्याला वाटत होतं, हे लोक गोड बोलून फसवतायत.”

आबा पहिल्यांदाच फोनकडं वाकले. त्यांच्याही मनात हुसामबद्दल अगदी हेच होतं, की हा गोड बोलून भाव पाडतोय.

त्या दिवशी नुकसानीची विभागणी ठरली. काही हुसामच्या कंपनीनं सोसायचं, बाकी गटानं. नानांचं म्हणणं होतं की कामिनीला काढून टाका. आबांनी काढलं नाही. ते तिला म्हणाले, “तिकडं गोड बोल, त्यानं काही बिघडत नाही. पण काय बोलली ते आमाले सांग. अन् इकडं कडू असलं तरी तसंच सांग.”

ते सोपं गेलं नाही. पुढची सूचना आली तेव्हा तिनं पॅकहाऊसवर उभं राहून सगळी वाचून दाखवली, ‘निष्काळजी’ या शब्दासकट. बायकांचे चेहरे उतरले. बेबाबाई अक्का कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलल्या. पण फण्या टाक्यात जास्त वेळ राहू लागल्या, आणि चीक पूर्ण थांबल्याशिवाय खोक्याला हात लावायचा नाही, हा नियम अक्कांनीच केला.

नंतरचा कंटेनर पोचला, तेव्हा हुसामचा मेल आला की माल उत्तम आहे, गटाचे आभार. कामिनीनं तो शेडमध्ये सांगितला. आबांनी डोळे बारीक केले.

“त्यानं खरंच असं लिहिलंय, का तू साखर घातली?”

तिनं मोबाइल त्यांच्या हातात दिला. आबांनी तो लांब धरून बराच वेळ पाहिला, एक अक्षर कळत नसताना. मग त्यांनी तो बन्सीलाल नानांकडं सरकवला. नानांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “इथून एकेक शब्द सांग आमाले.”