आसारामचं पान

कोल्हारच्या प्रज्ञानं लहानपणापासून गुऱ्हाळं पाहिलेली. ऊस लांब न्यायचा नाही, चरक नि गूळ रटरटायचं चुलवाणच त्याच्या बांधावर मांडायचं. श्रीगोंद्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यावर तिनं तेच केलं. तिथं उसाच्या रोगांच्या जनुकीय साखळ्या, म्हणजे चारच अक्षरांच्या लांबलचक ओळी, डेटाबेसच्या तक्त्यांत साठवलेल्या. नवा नमुना आला की ताडून पाहायला सगळ्या ओळी उपसून पुण्याच्या मोठ्या संगणकावर पाठवायच्या आणि उत्तराची वाट बघत बसायचं. प्रज्ञानं ताडून पाहणारा प्रोग्रॅमच डेटाबेसच्या आत बसवला. ज्यांचे छोटे तुकडे नमुन्याशी जुळतात त्या ओळी आधी निवडायच्या, मग तेवढ्याच अक्षर न् अक्षर तपासायच्या. हिनं ऑफिसात गुऱ्हाळ घातलं, असं सोबतचा महेंद्र चिडवायचा.

एकदा रंगुबाईच्या रोपवाटिकेतून पिवळे चट्टे पडलेली पानं आली. रोग निघाला तर रोपं जाळायची, नाहीतर आठवड्याभरात ती गावोगावच्या वावरांत जाणार होती.

प्रोग्रॅमनं सांगितलं, रोग नाही. महेंद्रनं रंगुबाईला कळवायला आनंदानं मोबाईल उचलला, पण प्रज्ञानं त्याला थांबवलं. खात्रीनं रोगट असलेला एक जुना नमुना होता. आसाराम नावाच्या शेतकऱ्यानं याच रोगापायी अख्खा ऊस उपटून टाकला, तेव्हा त्यातलं एक पान स्वतः आणून दिलेलं. तिनं तो घालून पाहिला, तर तोही निरोगी निघाला. तिनं प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून तपासला. साखळीला जोडीच्या दोन बाजू असतात; नमुना वाचणारं यंत्र कधी समोरची बाजू उलटीकडून वाचतं, आणि तिनं एकच बाजू ताडली होती. दुसरी बाजू जोडल्यावर आसारामचं पान पकडलं गेलं, आणि रंगुबाईच्या एका शेडमधली पानंही. बाकीच्या शेड स्वच्छ निघाल्या.

प्रज्ञा स्वतः सांगायला गेली, पहिल्यांदा चुकल्याचंही तिनं लपवलं नाही. रंगुबाईनं त्या शेडमधली रोपं जाळली, मग चहा टाकला.

"लोक माझ्या भरवशावर रोप नेत्यात, पोरी. तुझे लई उपकार झाले."

"माझे नाही, मावशी. आसारामकाकांचं पान नसतं तर मला चूक कळलीच नसती."

तो पान द्यायला का आला होता, असं रंगुबाईनं विचारलं. दुसऱ्या कुणाचं तरी वाचेल म्हणून, प्रज्ञानं सांगितलं.

चांगल्या रोपांचा पहिला टेम्पो भरला, तेव्हा रंगुबाईनं ड्रायव्हरला आधी आसारामच्या वस्तीवर जायला सांगितलं.