आश्रुबाची बुडी

युसूफवडगावाकडे आमच्या शिवारात विहिरीत घागर पडो की माणूस, हाक आश्रुबालाच जायची. सगळे त्याला पाणबुड्या म्हणत आणि तोही ते नाव मिरवायचा. पण बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटू लागल्या तसा आश्रुबा खंगत गेला. मला वाटलं, काम बसलं म्हणून. मी मास्तर माणूस, दुसरं काय वाटणार?

एकदा पारावर त्याला हसवावं म्हणून शब्दकोशातली गंमत सांगितली. समुद्रावर अल्बट्रॉस नावाचा थोराड पक्षी असतो. काही जाणकार म्हणतात, हे इंग्रजी नाव मुळात अरबी ‘अल-गत्तास’, म्हणजे बुडी मारणारा. काही म्हणतात ‘अल-कादूस’, म्हणजे रहाटाचा पोहरा.

“कुठूनही धर, तुझाच भाऊबंद,” मी म्हणालो.

“लई खोल जातो का?”

“छे, बहुतेक वरच्यावरच टिपतो. नाव दुसऱ्या पक्ष्याचं, खलाशांनी ह्याला चिकटवलं.”

आश्रुबा हसला नाही. म्हणाला, “मास्तर, भामावैनीच्या पोरीच्या टायमाला मी बी वरच्यावरच गेलतो. खाली काळं व्हतं, छाती फुटाया लागली. वर येऊन सांगितलं, तळाला काय न्हाई. कपारीत अडकलेलं वर येत न्हाई, मास्तर.”

भामाबाईची बायना पाण्याला गेली ती परतलीच नव्हती. ह्याच्या एका शब्दावर आईने ती जिवंत आहे असं धरलं होतं. पोर कधीही येईल म्हणून इतकी वर्षं तिने दाराला आतून कडी घातली नव्हती.

आणि आता सोसायटी तीच विहीर खोल करणार होती. गाव पाण्याची वाट बघत होतं, आश्रुबा हाडांची.

गाळ काढायला तोच पहिला उतरला. काठावर माझ्या शेजारी भामाबाई उभी होती, कोणी न बोलावता आलेली. त्याने पाटीमागून पाटी भरली, एकेक कपार हाताने चाचपली. दगड निघाले, चेपलेल्या घागरी निघाल्या. वर आला तेव्हा चिखलाने माखलेल्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

“वैनी, तळाला काय न्हाई. आईची आण.”

भामाबाईने चेपलेली एक घागर उलटी करून पाहिली.

“मला वाटलं, हितं तरी घावंल,” ती म्हणाली. “आता आजून किती वाट बगू, आश्रुबा?”

त्याचं हसू गेलं. दोर धरून तो पुन्हा खाली उतरला. आत शोधायला काही उरलं नव्हतं, तरी कोणी त्याला अडवलं नाही.