कापलेले दोन बार

"स्टॉप. कीबोर्ड टू, परत मागे राहिलात." कंडक्टर मॅडमनी छडी खाली ठेवली. तिसऱ्यांदा तीच जागा. भोईरदादा मान खाली घालून बसले.

कॉन्चेर्टो म्हणजे सोलो वादक आणि वाद्यवृंद यांचा सवालजवाब. मी लिहिलेल्यात दोन सोलो कीबोर्ड, आणि समोर अकरा जणांचा छोटा ऑर्केस्ट्रा. पहिल्या कीबोर्डवर शिकलेली पियानिस्ट. दुसऱ्यावर मुर्धा गावचे भोईरदादा, तीस वर्षं लग्नांच्या हळदीत वाजवलेला माणूस. हात असा की ऐकत राहावं, पण नोटेशन वाचता येत नाही. म्हणून मी कॉम्प्युटरवर ऑडिओ काढून व्हॉट्सअ‍ॅप करायचो, ते ऐकून पाठ करायचे. वीस मिनिटांचा पीस त्यांनी असाच बसवला होता.

ब्रेकमध्ये मॅडमनी मला बाजूला घेतलं. "टॅलेंट आहे, मान्य. पण नुसत्या मेमरीवर कसं चालणार? शनिवारी जमलं नाही तर मी वाचणारा प्लेअर बोलावतेय."

"जमेल," मी म्हणालो.

जेसल पार्कला घरी येऊन फाइल उघडली आणि चूक दिसली. त्या जागेतले दोन बार, म्हणजे तालाची दोन मापं, मीच कापली होती. नोटेशनची नवी पीडीएफ सगळ्यांना गेली. दादांकडे ऑडिओ मात्र जुनाच राहिला. ते मी दिलेलंच वाजवत होते, अगदी बिनचूक.

लगेच फोन करायला हवा होता. नाही केला. घोळ कंपोझरचाच आहे, हे मॅडमना कुठल्या तोंडाने सांगणार? दादांना नवा ऑडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, 'हा जास्त क्लिअर आहे, जुना डिलीट करा.' लबाडीच ती, दुसरं काय.

दोन दिवसांनी मुर्ध्याला गेलो. दादांचा कीबोर्ड कपड्याखाली झाकलेला.

"सर, दुसरा माणूस बघा," ते म्हणाले. "ते जास्तीचे दोन बार माझ्या डोक्यात कुठून आले, कळत न्हाय. तुमचा क्लिअर ऑडिओ ऐकला, त्यात तर न्हायेत. आमच्या बाबांचं असंच सुरू झालेलं. बेंजो वाजवायचे ते. आधी गाणी चुकली, मग घरचा रस्ता. शेवटी मलापण ओळखत नव्हते."

मला स्वतःची शरम वाटली. सगळं सांगून टाकलं: कापलेले बार, जुना ऑडिओ, डिलीट करायला का सांगितलं ते. शिव्या खायची तयारी ठेवूनच बोलत होतो.

दादा हळूच म्हणाले, "म्हंजे मी बरा हाय ना, सर?"

शनिवारी तालमीत सगळ्यांसमोर चूक कबूल केली. मॅडमनी विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?" मी खरा दिवस सांगितला. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि छडी उचलली. दादांची जागा राहिली, आणि कार्यक्रमात ते कुठेही अडले नाहीत.

आता काही कापलं की माझा पहिला फोन ज्याला कागद वाचता येत नाही त्याला जातो. आणि चूक माझी असेल तर तेही त्याच फोनवर सांगतो. आपण गप्प राहिलो की समोरचा माणूस ती चूक स्वतःच्या अंगावर घेऊन बसतो.